विमान केवढे करावे?



गेल्या महिन्यात नाशिकहून आमच्या थोरल्या ताईच्या नातवाचे पत्र आले. मुलगा नववीत आहे. घरात मोबाईल असताना त्याने चांगले दोन पानी पत्र लिहिले, याचेच आम्हाला अर्धे कौतुक वाटले. "मामाआजोबांना सप्रेम जयभीम" एवढे झाल्यावर लगेच मुद्द्याला हात. "मला हवाई दलाच्या विमानांच्या प्रतिकृती करायच्या आहेत. आबा म्हणतात, आधी मिग-२१ कर आणि ते चांगले मोठे कर. मी म्हणतो, सगळी विमाने एकास बहात्तर मापाचीच करायची. आठ दिवस घरात वाद चालू आहे. तुम्ही इतकी वर्षे विमाने चिकटवता, तेव्हा निकाल तुम्ही द्या."

निकाल द्यायला आम्हाला आवडते. आम्ही त्याच दिवशी उत्तर पाठवले आणि ते चुकले. कसे चुकले ते सांगण्यासाठीच आजचे सदर, कारण हा प्रश्न विचारणारे वाचक आम्हाला अधूनमधून भेटतात. एन.सी.सी.च्या हवाई शाखेत बाल्साच्या हलक्या लाकडाचे उडणारे विमान केलेली मुले पुढे घरी बसून प्लॅस्टिकचे, न उडणारे पण हुबेहूब विमान करू पाहतात. दुकानात गेली की खोक्यावर १/७२, १/४८, १/३२ असे अपूर्णांक दिसतात आणि मुले तिथेच अडतात. मग जे खोके मोठे दिसते ते घेतात, किंवा जे स्वस्त असते ते घेतात.

अपूर्णांकाला घाबरण्याचे कारण नाही. जुन्या घरांच्या नकाशावर कोपऱ्यात "१ इंच = ८ फूट" असे लिहिलेले आपण पाहिले असेल. हे तसेच आहे. १/७२ म्हणजे खऱ्या विमानाचे ७२ इंच, म्हणजे ६ फूट, इथे एका इंचात बसवायचे. सहा फुटी वैमानिक बरोबर एक इंच उंच होतो. १/४८ म्हणजे चार फुटांचा एक इंच. १/३२ मध्ये एका फुटाला तीन अष्टमांश इंच. सगळे हिशोब इंच-फुटांचे आहेत, कारण ही मापे इंग्लंड-अमेरिकेतल्या लोकांनी ठरवली. दशमान पद्धतीत वाढलेल्या मुलांना ७२ आणि ४८ हे आकडे विचित्र वाटतात ते त्यामुळेच. खाली लिहिलेला आकडा जितका मोठा, तितके विमान लहान, एवढे ध्यानात ठेवले की पुरे. दुकानात पहिली फसगत इथेच होते.

यातले १/७२ हे सगळ्यांत रुळलेले माप. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये स्कायबर्ड्स नावाचे लाकडी संच या मापात निघाले. १९३६ मध्ये फ्रॉग कंपनीने पेंग्विन नावाने प्लॅस्टिकचे संच काढले, तेही १/७२. मग महायुद्ध आले आणि या खेळण्याला काम लागले. आकाशात दिसणारे विमान आपले की शत्रूचे हे सैनिकांना आणि पहारेकऱ्यांना क्षणात ओळखता यायला हवे होते. १९४२ मध्ये अमेरिकी नौदलाने शाळांतल्या मुलांना पाच लाख लाकडी विमाने करून द्यायला सांगितले. माप १/७२, रंग काळा. आमच्या नातवाएवढ्या मुलांनी वर्गात बसून ती तासली. बहात्तरच्या मापाचे विमान ३५ फुटांवर धरले, की ते २,५२० फुटांवरच्या, म्हणजे जवळजवळ अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढे दिसते. एका लांबट खोलीत बसून आकाश शिकवता येई. युद्धानंतर १९५३ मध्ये एअरफिक्सने आपले पहिले विमान, स्पिटफायर, काढले ते याच मापात. वूलवर्थच्या दुकानात दोन शिलिंगांना मिळे. त्यात चुका पुष्कळ होत्या, पण कामगारांच्या मुलांच्या हातात विमान आले ते त्या दोन शिलिंगांमुळे, असे आमचे मत आहे.

अमेरिकेत १/४८ चा जोर राहिला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस रेव्हेलने लढाऊ विमाने १/३२ मध्ये आणली. गंमत अशी की ही तीन मापे एकाच पायरीने चढतात. बहात्तरपेक्षा अठ्ठेचाळीसचे विमान दीडपट लांब, आणि त्याच्यापेक्षा बत्तीसचे पुन्हा दीडपट. दीडपट ऐकायला थोडे वाटते. पण लांबी दीडपट झाली की पृष्ठभाग सव्वादोनपट होतो, म्हणजे रंगही सव्वादोनपट लागतो. आणि कपाटातली जागा किती खाईल ते कपाटाच्या धन्याने ठरवावे.

या सगळ्यांहून वेगळा एक प्रकार होता, तो सांगितलाच पाहिजे. १९५० च्या दशकात काही कंपन्या आधी खोके ठरवीत आणि मग त्यात मावेल एवढे विमान करीत. त्यामुळे भलेमोठे बॉम्बफेकी विमान आणि चिमुकले लढाऊ विमान जवळजवळ सारख्याच लांबीचे निघे. दोन्ही शेजारी ठेवली की पाहणाऱ्याची साफ दिशाभूल. लहानाला फुगवले आणि मोठ्याला दाबले. अशा जुन्या साच्यांतले काही संच नंतरही पुन्हा पुन्हा निघाले. मुलाला पहिलेच विमान आणून देणार असाल तर खोक्यावरचा अपूर्णांक वाचा, आणि तो १/७२, १/४८ अशा ओळखीच्या मापांतला नसेल तर खोके खाली ठेवा.

आमच्या नातवाचे म्हणणे इथेच पक्के होते. त्याला एक विमान नको, रांग हवी. वस्तीतल्या अभ्यासिकेत काचेचे एक कपाट आहे. त्याचा एक खण या मुलाला मिळाला आहे. रुंदी ३६ इंच, खोली १२ इंच. तिथे त्याला नॅट, हंटर, मिग-२१, जग्वार, मिग-२९ आणि सुखोई-३० ही सहा विमाने पंखाला पंख लावून उभी करायची आहेत. अभ्यासाला येणाऱ्या मुलांना कळावे, की १९६५ च्या युद्धात सेबर विमानांशी लढलेला नॅट प्रत्यक्षात केवढासा होता.

आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. नॅटच्या पंखांची रुंदी ६.७३ मीटर, हंटरची १०.२६, मिग-२१ ची ७.१५, जग्वारची ८.६९, मिग-२९ ची ११.३६ आणि सुखोईची १४.७. प्रत्येकाला ७२ ने भागले. नॅट साडेनऊ सेंटीमीटरसुद्धा भरत नाही, सुखोई वीस सेंटीमीटर ओलांडतो. सहाही मिळून ८१८ मिलिमीटर, म्हणजे ३२ इंचांच्या किंचित वर. ३६ इंचांच्या खणात सहा विमाने, दोघांमध्ये पाऊण-पाऊण इंच मोकळे. जणू सुताराने कपाट बहात्तरसाठीच केले होते! तीच रांग १/४८ मध्ये चार फुटांच्या वर जाते आणि १/३२ मध्ये सहा फुटांच्या वर. प्रश्न मिटला. फक्त सुखोई लांबीला पुरता एक फूट होतो आणि खणही एक फूटच खोल आहे, तेव्हा त्याला थोडे तिरके उभे करावे लागेल. नाहीतर नाक काचेला टेकेल.

पुढे कधी त्याला वाहतुकीची विमाने हवी झाली तर बहात्तरलाही मर्यादा आहे. एएन-३२ च्या पंखांची रुंदी २९.२ मीटर. बहात्तरमध्ये चाळीस सेंटीमीटरच्या वर, म्हणजे निम्मा खण एकट्याचा. आयएल-७६ तर ५० मीटरच्या वरचे, ७० सेंटीमीटर भरेल. त्यांच्यासाठी १/१४४ हे बहात्तरच्या निम्मे माप आहे. पण ती वेगळ्या खणात ठेवावीत. एका फळीवर एकच माप, हा नियम आम्ही मोडू देत नाही. सौ. म्हणतात, घरातले इतर नियमही यांनी असेच पाळले असते तर बरे झाले असते.

तर आम्ही नातवाला कळवले, तुझे बरोबर आहे, सगळे बहात्तरमध्ये कर, आबांना सांग की मोठ्या विमानाला जागा नाही. दिवाळीनंतर आम्ही नाशिकला गेलो. सोबत आमचे स्वतःचे, पंधरा-वीस वर्षांपूर्वी केलेले १/७२ चे मिग-२१ पुठ्ठ्याच्या डब्यात कापूस घालून नेले. दाजींना दाखवावे आणि समजूत घालावी, हा हेतू.

दाजी म्हणजे ताईचे यजमान. वाचकांना हे सांगायला हवे, की ते ओझरच्या विमान कारखान्यात होते. मिग-२१ तिथे एकामागून एक प्रकारांत बनले, आधी एफएल, मग एम, मग बिस. दाजी लागले ते बिसच्या काळात. काम रिव्हेटचे. पत्र्याच्या बाहेरून एकाने मारायचे आणि आतून दुसऱ्याने लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. पुढे कारखान्यात दुसरी विमाने आली, दाजी दुसऱ्या कामांवर गेले, निवृत्त झाले. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला हवाई दलाने मिग-२१ ला निरोप दिला. १९६३ ला हे विमान दलात आले होते. बासष्ट वर्षे झाली. तो कार्यक्रम दाजींनी टीव्हीवर शेवटपर्यंत पाहिला आणि नातवाला म्हणाले, "आता आमचं एक घरात पाहिजे." वादाची सुरुवात ही होती. पोराने पत्रात हे लिहिले नव्हते, आणि आम्हीही विचारले नव्हते.

आम्ही डब्यातून विमान काढून त्यांच्या तळहातावर ठेवले. दहा सेंटीमीटर रुंद, वीस सेंटीमीटर लांब. त्यांचा हात थरथरतो. गेल्या दोन वर्षांत जास्तच. त्यामुळे विमानही थरथरू लागले. त्यांनी ते टेबलावर ठेवले, भिंग मागवले आणि पंखावर वाकून बराच वेळ पाहिले. मग अर्ध्या मिलिमीटरच्या रेघा असलेली आपली पोलादी पट्टी आणली.

"पाहुणे, ही टिंबं कसली?"

आम्ही अभिमानाने म्हणालो, "रिव्हेट आहेत दाजी. आम्ही स्वतः सुईने एकेक टोचलेत."

"पाव मिलिमीटरचं टिंब आहे. बहात्तरने गुणा."

गुणले. अठरा मिलिमीटर.

"आठ आण्याच्या नाण्याएवढा रिव्हेट! अहो, असले मारले असते तर मला गेटबाहेर काढला असता. आमच्या रिव्हेटचं डोकं पत्र्यात बुडवलेलं असायचं, वरून हात फिरवला तर लागायचं नाही."

नातू हसून लोळला. आम्ही मात्र गप्प झालो, कारण दाजींचे गणित बरोबर होते आणि पंधरा-वीस वर्षांत ते आम्हाला कोणी दाखवले नव्हते. पाच-सहा मिलिमीटरचे रिव्हेटचे डोके बहात्तरमध्ये उतरवायचे तर ते केसाच्या जाडीएवढे होते. ते हाताने करता येत नाही. केले तर खोटे होते. बहात्तरचे विमान दोन फुटांवरून पाहणे म्हणजे खरे विमान सुमारे ४४ मीटरवरून पाहणे. तेवढ्या अंतरावरून कोणाला रिव्हेट दिसतात? दिसतो तो आकार, पंखांचा त्रिकोण, नाकातला शंकू. म्हणून बहात्तर चांगले ते रांगेसाठी, ओळख पटण्यासाठी. अमेरिकी नौदलाने मुलांकडून काळी विमाने करून घेतली, त्यांवर रिव्हेट मागितले नव्हते. १/४८ मध्ये तेच अंतर २९ मीटरवर येते, १/३२ मध्ये १९ वर. मोठे माप घ्यायचे ते विमान मोठे दिसावे म्हणून नव्हे, तर जवळ जाता यावे म्हणून. दाजी तर त्या पंखापासून हातभर अंतरावर उभे राहिलेले. त्यांना ४४ मीटर मागे उभे करून आम्ही म्हणत होतो, पाहा, जागेत कसे छान मावते.

शिवाय दाजींना ते नुसते पाहायचे नव्हते, करायचे होते. ही गोष्टही आमच्या निकालात नव्हती. मिग-२१ चे मागचे चाक ८०० मिलिमीटर व्यासाचे. बहात्तरमध्ये ते ११ मिलिमीटर होते, शर्टाच्या गुंडीएवढे, आणि पुढचे त्याहून लहान. चिमट्यातून सुटले की फरशीवर शोधत बसा. अठ्ठेचाळीसमध्ये तेच चाक १७ मिलिमीटरच्या आसपास, बत्तीसमध्ये २५. ज्यांची दृष्टी कमी झाली आहे किंवा हात स्थिर नाही, त्यांनी लहान माप घेऊ नये, हे आम्ही आता ठामपणे सांगू. पुष्कळ जण उलट समजतात, की म्हाताऱ्या माणसाला लहानसे सोपे काम द्यावे. लहान विमान सोपे नसते. त्यात भाग कमी असतील, पण बोटे तेवढीच राहतात.

मग बत्तीसच का नाही? दाजींच्या मनात तेच होते. पण ते विमान ४५ सेंटीमीटर लांब होते, वर नाकापुढची सळई. ताईच्या घरात टीव्ही, पुस्तकांची मांडणी आणि शिलाई मशीन यांनंतर मोकळी अशी एकच जागा आहे, टीव्हीच्या वरची फळी, आणि ती चाळीस सेंटीमीटरची. किंमतही ऐकून दाजी म्हणाले, "एवढ्यात खरंच एखादं चाक येईल." १/४८ चे तीस सेंटीमीटरच्या आसपास, सळई धरून थोडे अधिक. फळीवर बसते. मिग-२१ बिसचा संच त्या मापात मिळतो. तुम्हाला हवे ते विमान हव्या त्या मापात निघालेले असेलच असे नाही, तेव्हा माप मनाशी पक्के करण्याआधी हे पाहून घ्यावे.

अशा रीतीने आमचा निकाल फिरला. अभ्यासिकेतली सहा विमाने बहात्तरमध्येच होतील, त्यांत मिग-२१ ही असेल, आणि ते नातू करील. दाजींचे मिग वेगळे, १/४८ चे, घरातल्या फळीवर एकटे. दोन्ही एका फळीवर कधी ठेवायची नाहीत, एवढी अट आम्ही घातली आणि ती दोघांनी मान्य केली. पोर म्हणाले, "मग मला मिग दोनदा करायला मिळणार." त्याला तोटा कसलाच नव्हता.

संच आला तेव्हा आम्ही पुन्हा दोन दिवसांसाठी गेलो. दाजींनी खोके उघडून सर्वांत आधी पंख काढला आणि पट्टी लावली. साच्यातच कोरलेली बारीक टिंबे होती, तीही साधारण पाव मिलिमीटरचीच. ४८ ने गुणले तर बारा मिलिमीटर. "अजून दुप्पट मोठे आहेत," दाजी म्हणाले, "पण रांगा बरोबर आहेत. ही दुहेरी रांग इथेच होती." मग म्हणाले, रंगाचा पातळ हात दोनदा द्यायचा म्हणजे टिंबे भरत येतील. आम्ही इतकी वर्षे उलट करत आलो, टिंबे ठळक दिसावीत म्हणून त्यांत काळी शाई सोडत आलो.

काम असे वाटून घेतले आहे. वैमानिकाची खोली, घड्याळांची फळी आणि चाके नातवाची. पंख, शेपटी आणि धड दाजींचे. ते दोन्ही कोपरे टेबलावर टेकवतात, पंखाचा वरचा आणि खालचा भाग जुळवून अंगठ्याने दाबतात आणि नातू फटीत डिंकाचा ब्रश फिरवतो. दाबून धरायचे असले की हात थरथरत नाही. सांधा सुकल्यावर पॉलिश पेपर पाण्यात बुडवून घासायचे कामही दाजी कोणाला देत नाहीत. डोळे मिटून बोट फिरवतात आणि कुठे उंचवटा राहिला ते सांगतात. आम्हाला ते बोटाला लागले नाही.

आता वाद नंबराचा चालू आहे. संचात पाण्यात भिजवून लावायचे नंबर आणि चक्रे येतात. नातू विचारतो, आबा, तुम्ही पंख केलेल्या विमानाचा नंबर कोणता होता, तोच लावू. दाजी म्हणतात, आमच्या शेडमधून पंख जायचा तेव्हा तो कोणत्या विमानाला लागणार हे आम्हाला कोण सांगणार? चारशे-पाचशे पंखांवर हात फिरवला असेल, नंबर एकाचाही माहीत नाही. नातवाला हे पटत नाही. तो जुने फोटो शोधतो आहे. दाजींचे म्हणणे, चक्रे लाव, नंबराची जागा मोकळी ठेव.

पंख बसले आहेत. रंग पुढच्या रविवारी.